दोन किलोचा फाळ

सर्जेराव मोरीत अंघोळ करत होता, तेवढ्यात गोजरबाईने नांगराचा फाळ लुगड्याच्या आत मांडीला लागून उभा बांधला. सुतळीच्या दोन गाठी मारल्या. दोन पावलं चालून पाहिलं. कुठे वाजला नाही.

"ये, काटा करू दे," सर्जेराव अंग पुसत म्हणाला.

ती उंबऱ्यात उभी राहिली. त्याने तिच्या काखेत हात घालून तिला वीतभर उचललं, डोळे मिटले आणि खाली ठेवलं. डोळे उघडून एकवार तिच्याकडे पाहिलं. गोजरबाईने लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या.

"सदतीस," तो म्हणाला. "मागल्या महिन्यात छत्तीस होती."

"मंग? गोळ्या लागू पडून राह्यल्या."

"पडणारच." त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि धान्याच्या मोंढ्याची वाट धरली.

जालन्याला येऊन त्यांना चारच महिने झाले होते. गावी, केदारखेड्याला, दोन सालं पाऊस रुसला आणि गोजरबाईचा खोकला काही जाईना. दवाखान्यात क्षय निघाला. सर्जेरावाने विहिरीवरचं वावर चुलतभाऊ रखमाजीला निम्म्या पिकाच्या बटईने दिलं, बैल विकले, जालन्यातच मस्तगडला एक खोली पाहिली आणि मोंढ्यात हमाली धरली. गाव सोडताना पारावरून कोणीतरी बोललंच, "मालकाचा हमाल झाला." सर्जेरावाने मागे पाहिलं नाही.

पण त्याच्या हातात काटा होता. मोंढ्यात पहिल्याच आठवड्यात त्याने पोतं उचललं आणि म्हणाला, "शेठ, तुमचा काटा किलोभर खोटं बोलून राह्यला." सगळे हसले. शेठने काटा उलटा करून पाहिला, तर पारड्याखाली चिखलाचा गोळा वाळलेला. त्या दिवसापासून सर्जेराव हमालाचा मापाडी झाला. परगावचे शेतकरी त्याला शोधत येऊ लागले. गोजरबाई नळावर पाण्याला गेली की बाया म्हणायच्या, "हीच ती, हाताच्या काट्यावाल्याची." ती मान ताठ करून हंडा उचलायची.

डॉक्टरने मात्र बजावलं होतं. वजन घटलं तर साध्या गोळ्यांवर भागायचं नाही, महागडा इलाज लागेल. सर्जेराव तेव्हाच म्हणाला होता, "घटलं तर वावर विकतो."

ते वावर म्हणजे ती विहीर. विहीर खणताना मुरमाच्या पाट्या गोजरबाईने डोक्यावर वाहिल्या होत्या. पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ तिने घेतली होती. गाव सोडताना तिने नांगराचा फाळ काढून बोचक्यात घातला. फाळ आपल्या घरात तोवर वावर आपलं, अशी तिची समजूत होती. या महिन्यात हातातल्या बांगड्या सैल झाल्या, तेव्हा तिला तोच फाळ आठवला.

सर्जेराव गेल्यावर तिने फाळ सोडून पलंगाखाली सरकवला आणि शेजारच्या मालनबाईबरोबर दवाखाना गाठला. तिथला काटा पस्तीसवर थांबला. डॉक्टरने कपाळाला आठी घातली. गोजरबाईने घरी काही सांगितलं नाही. सर्जेरावही कागद कधी पाहत नसे. आपल्या हातापुढे त्याला कागदाची गरज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच धुतलेलं धोतर नेसला.

"कुठं?"

"भोकरदनला. रखमाजी वावर घेऊन राह्यला. खरेदीला साक्षीदार पाह्यजे."

"कोणाचं घेतलं भावजींनी?"

"हाय एकाचं."

"कोणाचं का असंना," ती म्हणाली, "विकणाऱ्याच्या बायकोला काय वाटत असंल."

"एसटी चुकंल माझी," म्हणून तो निघाला.

त्याच आठवड्यापासून घरात दूध येऊ लागलं. मग रोज दोन अंडी. सर्जेरावाने तिला शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. रोज एक सुई, नव्या लाल गोळ्या.

"एवढा खर्चा?"

"शेठ करतो. माझ्या हातावर खूश हाय."

मालनबाई तोंडाला पदर लावून हसली. "तो शेठ? अवं बाई, तो सांडलेला दाणा चिमणीच्या चोचीतून काढून घील!"

"माझ्या मालकाचा हातच तसा हाय," गोजरबाई म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिने फाळाबरोबर खलातला बत्ताही बांधला. सर्जेराव म्हणाला, "अडतीस." मग दुधा-अंड्यांनी गुण दाखवला. अंगावर मांस चढत गेलं तसं लोखंड उतरत गेलं. आधी बत्ता खलात परतला, दिवाळीला फाळ कायमचा पलंगाखाली गेला. संक्रांतीला रखमाजीकडून ज्वारीचं पोतं आलं. भाकरी मोडून गोजरबाई म्हणाली, "आपल्या विहिरीची चव लपत न्हाई." मालनबाईला तिने मुद्दाम अर्धी भाकरी नेऊन दिली.

वावर पाहायला जाऊ म्हटलं की सर्जेराव म्हणायचा, "धूळ लई हाय. छाती धरू दे आधी."

दीड वर्षाने डॉक्टरने तिचा कागद बंद केला. बरी झालीस, म्हणाला. त्या संध्याकाळी ती आपणहून उंबऱ्यात उभी राहिली. सर्जेरावाने उचललं.

"सेहेचाळीस. बिलकुल बराबर."

"आज नुसती मीच हाय." ती हसली. पलंगाखालून फाळ काढून तिने त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं. सुतळी, बत्ता, दवाखान्यातले पस्तीस. "मोंढा फसत न्हाई तुमच्या हाताला, पण मी फसवलं! वावर मी वाचवलं. आता उद्याच्या एसटीनं केदारखेड्याला जाऊ."

सर्जेरावाने फाळ तळहातावर तोलला.

"दोन किलो. दहा सालं हा माझ्या हाताखाली चालला, गोजर. तुला उचललं तवाच वळखला. तू पस्तीस, हा दोन."

तिचं हसू ओठावरच राहिलं. "मंग बोलले का न्हाई?"

"तू एवढी ताठ उभी होतीस." त्याने फाळ देवाजवळच्या फळीवर नीट ठेवला. "दुसऱ्या दिवशी भोकरदनला मी साक्षीला न्हाई गेल्तो. विकणारा मीच होतो."