फुलीमागचा माणूस

"हे काय आहे?" लोवेल टिबेट्सने काउंटरवरच्या तक्त्यावर वंगणाने काळं झालेलं बोट टेकवलं. तक्त्यात त्यांच्या जिल्ह्याचं नाव होतं, वर 'माजी सैनिकांचे लहान धंदे' असं शीर्षक होतं, आणि आकड्याच्या जागी नुसती फुली.

"फुली," जोलीन म्हणाली. जिल्हा कचेरीत तिला अठरा वर्षं झाली होती.

"ते दिसतंय मला. फुली म्हणजे किती?"

"ते सांगायचं नसतं. म्हणून तर फुली."

लोवेलचं डोकं तापलं. बर्फ काढायच्या सरकारी गाड्यांच्या दुरुस्तीचं काम राज्याने माजी सैनिकांसाठी राखून ठेवलं होतं. अट एकच: जिल्ह्यात असा धंदा आहे, हे अर्जात सरकारी तक्त्यातला आकडा लिहून दाखवायचं. मुदत आज दुपारी बाराला संपत होती. नंतर काम ओमाहाच्या बड्या कंपनीला. ते गेलं तर गॅरेजला टाळं, हे त्याने बायकोला सांगूनही टाकलं होतं.

"हा माझा लष्कराचा दाखला. बाहेर माझा ट्रक उभा आहे, त्याच्यावर हातभर अक्षरांत लिहिलंय, माजी सैनिकाचं गॅरेज. आता काय, कपाळावर गोंदवून घेऊ?"

"माझ्यावर कशाला डाफरतोस? मला ठाऊक नाही का तू कोण ते? फुलीच टाकून बघितली मी अर्जात. कॉम्प्युटर घेत नाही. त्याला आकडाच पाहिजे."

शेवटी तिनेच हे तक्ते काढणाऱ्या वॉशिंग्टनच्या कार्यालयाला फोन लावला. अर्धा तास तीच ती धून ऐकून दोघंही वैतागले. मग एका बाईंचा गोड आवाज आला. जोलीनने स्पीकर चालू केला आणि लोवेलने फुलीचं कारण विचारलं.

"तुमच्याकडे असे धंदे तीनपेक्षा कमी आहेत, सर. आकडा छापला तर मालक कोण, ते लोकांना कळेल. तुमच्याच भल्यासाठी आहे ती फुली."

"अहो बाई, मालक मीच आहे! एकटाच आहे! कळू द्या की लोकांना!"

"त्याला मी दुजोरा देऊ शकत नाही, सर."

जोलीनने कपाळाला हात लावला. इतक्या गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? बाराला दहा मिनिटं होती.

लोवेल काउंटरवर दोन्ही हात टेकून फोनकडे वाकला. "मग आमचा आकडा दिसणार कधी, एवढं तरी सांगा."

"तीन धंदे झाले की लगेच."

"इथे दुसरा-तिसरा काढणार कोण? आहे तोच बंद पडायला आलाय."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. एकदाची मदत करता आल्यासारख्या आनंदाने बाई म्हणाल्या,

"बंद पडला तर मात्र दिसेल, सर. शून्य आम्ही लपवत नाही."