चकचकीत व्हॉल्व्ह

मास्तरांनी डब्यातला एक व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असते तशी काचेची नळी, उचलला, दिव्यासमोर धरून गोल फिरवला आणि खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही तसाच ठेवला. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "काकू, यांच्यावरचे नंबर कुठे गेले?"

काकूंनी विचारलं, कसले नंबर?

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर घातली तरी त्यांचा आवाज चढत नसे, तो आताही चढला नाही. त्यांनी सांगितलं की प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेवर बारीक नंबर छापलेला असतो, आणि ती छपाई इतकी कच्ची की ओलं बोट लागलं तरी जाते. नंबर गेला की कुठला व्हॉल्व्ह कशाचा हे कळायची सोय नाही. सगळे अंगठ्याएवढे, सगळ्यांना पायही नऊच.

काकूंनी खाटेकडे पाहायचं टाळलं.

खाटेवर काका होते. त्यांचा जन्म रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्यात गेला होता. झटका आला त्यात उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. त्याआधी दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते बजावत, "खोली तुमची एवढीशी, तिला मैदानावरचं मशीन कशाला? दोन वॅट पुष्कळ झाले. आणि व्हॉल्व्ह असा निवडा, की जो कुणालाच नकोय, म्हणजे स्वस्तात मिळेल." मास्तरांनी तसाच एक, वेगळ्या नंबरचा, घेऊन त्यांच्याकडून मशीन बनवून घेतलं होतं. काकांनी स्वतःसाठीही तसाच निवडला आणि त्याचे जादा व्हॉल्व्ह भंगारातून वेचून डब्यात, इतर व्हॉल्व्हांच्या जोडीला, कापसावर ठेवले. आता ते कुणी बनवतही नव्हतं.

काकांचं ते छोटं गाण्याचं मशीन उशाशी असे. गाणं चालू असलं की काका चार घास खात, बंद असलं की तोंड फिरवून घेत. परवा गाणं बंद पडलं. तेव्हापासून घास ओठांपाशी नेला की परत येत होता, आणि काकूंच्या पोटातही काही जात नव्हतं.

मास्तरांनी मशीनमधून काढलेला व्हॉल्व्ह टेबलावर पडला होता. त्याच्या टोकाची चांदी दुधासारखी पांढरी झाली होती. आत हवा शिरली म्हणजे तो गेलाच. त्याच्यावरचा नंबर मात्र लख्ख वाचता येत होता. मेलेल्यावर नंबर होता, जिवंतांवर नव्हता.

काचेवर फुंकर घातली की कधीकधी पुसलेला नंबर वाफेत उमटतो, असं मास्तरांनी ऐकलं होतं. त्यांनी एकेका काचेवर फुंकर घातली, तिरपं धरून पाहिलं. काही उमटलं नाही.

"साबण लावला होता?"

"थोडासा."

मग काकूंनीच विचारलं, अंदाजाने एखादा बसवून पाहिला तर? मास्तर म्हणाले, चुकीचा बसला तर मशीन आतून जळेल, मग खरा सापडून तरी काय करायचं? काकू डबा घेऊन खाटेशी गेल्या आणि एकेक व्हॉल्व्ह काकांच्या डोळ्यांसमोर धरू लागल्या. काकांचा डावा हात असा जरासा वर यायचा आणि पुन्हा चादरीवर पडायचा. नंबर नसला की काकांनाही ती नुसती काचच होती.

तो हात पडताना पाहिला आणि काकूंना रविवार आठवला. गाणं लागलं होतं. काय धूळ साचलीय म्हणत त्या इथेच, व्हॉल्व्हचा डबा आणि साबणाच्या पाण्याचं भांडं घेऊन बसल्या होत्या. काकांनी खाटेच्या लाकडी कडेवर थाप मारली. मग आणखी मारली, जोरात. इतक्या महिन्यांनी माणूस रंगात आला म्हणून काकूंना भरून आलं. त्यांनी मुलीला फोन लावून सांगितलं, बाबांनी आज ताल धरला. मुलगी रडली. काकूंनी उरलेले व्हॉल्व्ह जास्तच मन लावून पुसले. शेवटी शेवटी थाप थांबली तेव्हा त्यांना वाटलं, दमले असतील.

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. आणि ज्याला कळत होतं त्याला ओरडताही आलं नाही.

कुठे मिळतो का बघतो, असं म्हणून मास्तर उठले. दारात चपला घालताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, त्यावरूनच काकूंना काय ते कळलं.

फोन वाजला. मुलीचाच होता. रविवारपासून ती रोज एवढंच विचारत होती.

"आई, आज ताल धरला बाबांनी?"

काकांचा हात चादरीवर उताणा पडला होता. डोळे काकूंवर होते.

"धरलाय ना."

"ऐकव ना मला."

काकूंनी फोन खाटेच्या कडेपाशी नेला आणि आपल्या हाताने लाकडावर थाप मारली. पुन्हा मारली.

"गाणं का ऐकू येत नाही गं?"

"छोटंसं तर मशीन आहे ते," काकू म्हणाल्या आणि थाप मारत राहिल्या.