नंबर राहावा म्हणून

जुनी मोबाइल कंपनी बंद पडत होती. नवऱ्याचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेला नाही, तर तो कायमचा जाणार, म्हणून शिवणकामवाल्या काकू दुकानात खेटे घालत होत्या.

"काकू, अर्ज पुन्हा परत आला," दुकानदार हसला. "कंपनीने विचारायला त्याच नंबरवर फोन केला, तर काकाच नको म्हणाले. आधी घरातलं भांडण मिटवा की!"

काकूंनी मूठ उघडली. त्या नंबरचं सिमकार्ड त्यांच्या तळहातावर होतं.

"ते जाऊन वर्ष झालं रे."

दुकानदाराचं हसू मावळलं. त्याने कंपनीकडून आलेलं रेकॉर्डिंग लावलं. तो दमेकरी आवाज काकूंनी लगेच ओळखला.

"बंद होऊ द्या नंबर. ती रोज फोन लावून रडते, आणि इथे सगळेच जागे होतात."