एका ओळीचा हट्ट

स्क्रीनवर सदतीस एरर होत्या. त्यांतल्या सहा तिच्या स्वतःच्या होत्या, त्या तिने सकाळीच निस्तरल्या. उरलेल्या एकतीस टीम लीड सरांच्या फाइलमधल्या होत्या, आणि मूळ होतं तिने लिहिलेली एकच ओळ: औषध सोडणाऱ्या पंपाचा ताबा प्रोग्रॅमच्या एकाच भागाकडे राहील, त्या ताब्याची कॉपी काढता येणार नाही.

"ती ओळ उडव, एकतीसच्या एकतीस जातील," सर म्हणाले. "कोड तपासणाऱ्या त्या कंपायलरच्या नादी काय लागतेस?"

"सर, कॉप्या तुम्ही काढल्यात, तो फक्त अडवतोय. पंप एकच आहे. त्याला हुकूम सोडणारे दोघं झाले, तर भोगायचं पेशंटने?"

"तीन महिने झालेत तुला इथे. उद्या पंप हॉस्पिटलला द्यायचाय. ओळ काढ, नाहीतर प्रोजेक्ट सोड."

तिने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "मी नाही काढणार. तुमच्या हाताने काढा, आणि पहिली सुईही तुम्हीच टोचून घ्या."

सरांनी ओळ खोडली. एकही एरर उरली नाही. "आण तुझी सुई," म्हणत त्यांनी हसत बाही वर सारली.

तिने पंपात पाणी भरलं, तासाला दहा मिलीलिटरचा वेग लावला, आणि नळी त्यांच्या दंडाऐवजी मोजपात्रात सोडली.



तासाभराने मोजपात्रात वीस मिलीलिटर पाणी होतं.