दादाचा पासवर्ड

"दादा, ये रे. पासवर्ड विचारतोय."

बारक्याने कटर मशीनपाशी उभ्या असलेल्या दादाला हाक मारली. कॉम्प्युटरची स्क्रीन काळवंडली होती आणि मधोमध नेहमीची चौकट उभी होती. या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? द्यायचे असतील तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या या दुकानात ॲडमिनिस्ट्रेटर एकच, दादा. नवा फॉन्ट टाकायचा असो की प्रिंटर जोडायचा असो, दादाला हाक मारल्याशिवाय बारक्याचं पान हलत नसे.

बारक्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. नावाचाच बारक्या, उंचीने दादापेक्षा वीतभर जास्त, आणि आता कानांजवळचे केसही पांढरे व्हायला लागलेले. आज त्याचा दुकानातला शेवटचा दिवस होता. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या छापखान्यात त्याला नोकरी लागली होती आणि संध्याकाळच्या गाडीने तो निघणार होता. आपल्यामागे दादाची पंचाईत नको, म्हणून जाण्याआधी नव्या कटरचा ड्रायव्हर तेवढा कॉम्प्युटरवर चढवून देत होता.

दादा आला, पण त्याचं मन भलतीकडेच होतं. "अहो, एकदा तोंड उघडून म्हणा तरी त्याला, जाऊ नकोस म्हणून," असं बायकोने सकाळी बजावलं होतं. तेव्हापासून ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत येत होतं आणि आल्या पावली माघारी जात होतं. गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करणारा हा माणूस, पण सख्ख्या भावापुढे त्याची दातखीळ बसली होती.

तो वाकला. डाव्या हाताने कीबोर्ड झाकला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने पासवर्ड टाकू लागला. बारक्याने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. रोजच करायचा. आज मात्र दादाला ते दिसलं. एवढा बाप्या माणूस, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे बघत बसला होता.

खूप वर्षांपूर्वी, फुकटच्या फॉन्टच्या नादात, बारक्याने असल्याच एका चौकटीला 'हो' म्हटलं होतं आणि एका व्हायरसने दुकानातली सगळी डिझाइनं गिळली होती. तेव्हा दादाने त्याचे सगळे अधिकार काढून घेतले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे ठीक. दादा तर ताक आंबून गेलं तरी फुंकतच बसला होता.

त्याने कीबोर्डवरचा हात काढला.

"इकडे बघ. तुला पासवर्ड सांगून ठेवतो."

"मला माहीत आहे, दादा."

"काय माहीत आहे?"

"पासवर्ड. पहिल्या आठवड्यापासून." बारक्या हसला. "तू टाइप करताना पुटपुटतोस. हाताने झाकतोस आणि तोंडाने वाचून दाखवतोस. दोन-तीन गिऱ्हाइकांनाही पाठ झाला असेल."

दादालाही हसू आलं, पण ते अर्ध्यावरच विरलं.

"मग मला हाका कशाला मारायचास, शहाण्या? मी जेवायला घरी गेलो की काम अडवून बसून राहायचास. त्यावरून किती बोलणी खाल्लीस माझी."

"तू म्हणाला होतास, मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. म्हणून विचारत होतो." बारक्या भिंतीकडेच बघत होता. "वाटायचं, कधीतरी कंटाळून म्हणशील, अरे, टाक तूच."

दादाने त्याच्या पाठीकडे बघितलं. ज्याने इतकी वर्षं हातात किल्ली असून कुलपाला हात लावला नाही, त्याच्यावरच आपण पहारा देत बसलो. म्हणायचं ते आत्ताच म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं.

"गाडी वेळेवर आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे."

दादाने पासवर्ड पुरा केला. ड्रायव्हर चढला. बारक्याने कटरवर एक अक्षर कापून बघितलं, कडा नीट आल्यात का ते बोटाने तपासलं आणि मशीन बंद केलं. मग बॅग खांद्याला लावली. "वहिनीला सांग, पोचलो की फोन करतो. आणि कटरचं पातं बदलताना वायर काढत जा, विसरतोस तू." दादाने मान डोलावली. दारापर्यंत जावं, असं त्याला फार वाटलं, पण पाय जागचे हलले नाहीत. बारक्या रस्ता ओलांडून दिसेनासा झाला.

दादा खुर्चीत बसला. खुर्ची बारक्याच्या उंचीला लावलेली, दादाचे पाय धड टेकेनात. त्याने आपल्या खात्यातून वापरकर्त्यांची यादी उघडली. वर त्याचं नाव, खाली बारक्याचं, आणि बारक्याच्या नावाखाली बारीक अक्षरात 'साधा वापरकर्ता'. तिथे त्याने 'ॲडमिनिस्ट्रेटर' निवडलं. नक्की का, असं कॉम्प्युटरने विचारलं. नक्की, दादाने बटण दाबलं. दोन क्लिकचं काम होतं.

स्क्रीनवर ओळ उमटली: बदल जतन झाला. हा वापरकर्ता पुढच्या वेळी लॉग इन करेल, तेव्हा लागू होईल.