बकासुराची टोपी

गणपतीच्या मांडवातल्या बकासुराच्या डोक्यावरची टोपी उतरवली, की फौजदारांची बढती पक्की होती. दुष्काळातही धान्य विलायतेला चाललं होतं, म्हणून हैबती कुंभाराने धान्याची गाडी गिळणारा राक्षस घडवून त्याला साहेबी टोपी घातली होती.

“हैबती, ही कलेक्टरसाहेबांची टोपी. उतरव, नाहीतर तुरुंगात जाशील.”

“मी राक्षस केला, फौजदारसाहेब. कलेक्टर तुम्ही ओळखलात. त्यांच्या टोपीला हात लावायची माझी काय छाती? तुम्हीच उतरवा.”

चिडलेल्या फौजदारांनी छडीने टोपी उडवली आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. कलेक्टरांच्या कानावर एवढंच गेलं, की आपली टोपी फौजदारांनी भर मांडवात उडवली.

पुढच्या गणपतीत राक्षसाला नवी टोपी होती आणि ठाण्यात नवे फौजदार. टोपी वर्गणीतून आली. बढती गेली ती जुन्या फौजदारांची.