गाडीतली शिट्टी

ऑस्करने दुसरा स्टिरिओ जोडून पाहिला, तरी शिट्टी तशीच.

"स्टिरिओ निर्दोष सुटला," तो म्हणाला. "आता वायरी."

सुमेध ड्रायव्हरच्या सीटवर बसून होता. ऑस्करने हात केला की ॲक्सिलरेटर दाबायचा, एवढंच त्याच्याकडे काम. दाबला की चारही स्पीकरमधून बारीक शिट्टी वर चढायची, सोडला की खाली उतरायची. ब्रेकवर पाय ठेवला की वेगळंच, एक 'टक्'. गाणं लावलेलं असो वा नसो, हे चालूच. बावीस वर्षांची गाडी, पण इंजिन अजून इतकं गुळगुळीत की सुरू आहे की बंद ते कळू नये. खोट म्हणाल तर ही एवढीच.

रविवार होता, वालीवचे बहुतेक गाळे बंद होते. ऑस्करने चर्चमधली मिस्सा आटोपून आपला गाड्यांच्या वायरिंगचा गाळा उघडला तो सुमेधने तीनदा फोन करून जीव खाल्ला म्हणून.

"एवढी काय घाई रे? तुझ्या बाबांना मी दिवाळीलाच म्हटलेलं, करून देतो. ते नको म्हनाले."

"बाबांचं सोडा, ऑस्कर अंकल. त्यांना काय, काहीही चालतं. त्रास आईला होतो. उद्या ती या गाडीत बसेल तेव्हा आवाज नको म्हणजे नको."

आईचं, सरोजिनीबाईंचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मनवेलपाड्यातून विरार पश्चिमेला जायचं, चार तास पडून राहायचं आणि परत यायचं. येताना डोकं असं ठणकायचं की बाई डोळे मिटून, पदराचा बोळा कानाला लावून बसायच्या. आणि बाबा, प्रल्हादराव? गाडीत बसले रे बसले की आधी स्टिरिओ सुरू. गाणी नाहीत, बातम्या नाहीत, नुसता सुरू. मग ती शिट्टी घर येईपर्यंत.

गेल्या सोमवारी सुमेध रजा काढून सोबत गेला तेव्हा त्याने हे पाहिलं. बंद करायला हात पुढे केला तर बाबांनी तो बाजूला सारला.

"राहू दे. सवय आहे."

"त्यांना त्याच्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटत नाही रे," मागून आई पुटपुटली.

माणसाने हट्टी असावं, पण काही सुमार? ड्रायव्हर ठेवू म्हटलं, तर "तुझ्या आईला मीच नेणार." स्वतःला वीस वर्षं मधुमेह, डॉक्टरकडे मात्र बायकोसाठीच जायचं. त्याच दिवशी दवाखान्याच्या आवारात बाबांच्या एका पायातली चप्पल मागे राहिली आणि हे गृहस्थ एका चपलेवर थेट लिफ्टपर्यंत. सुमेधने ती उचलून आणली तेव्हा ते वरमले.

"तुझ्या आईकडे लक्ष होतं," म्हणाले.

म्हणून आज 'हवा भरून आणतो' अशी थाप मारून सुमेधने किल्ली घेतली होती. रोज सकाळी सातला कामावर जाणाऱ्या मुलाला आईसाठी दुसरं काय करता येतं? हे तरी करायचंच.

ऑस्करने बॅटरीपासून नवी वायर ओढली. शिट्टी होतीच. स्पीकरच्या वायरी एका बाजूने आणि करंटची वायर दुसऱ्या बाजूने नेली. शिट्टी होतीच. दीड वाजला.

"जेवून येऊ या का?"

"आधी हे," सुमेध म्हणाला आणि स्वतःच डिकीतलं मॅट उपसायला लागला. खाली, ॲम्प्लिफायरच्या शेजारी एक बोल्ट होता. गंजून पार लाल झालेला.

ऑस्कर वाकला आणि हसला. "सापडला चोर. डिकीत पानी शिरलंय. ॲम्प्लिफायरची अर्थिंग नि ब्रेक लाईटची अर्थिंग, दोन्ही याच सडक्या बोल्टवर. म्हनून इंजिनचा करंट स्पीकरमध्ये घुसतो. ॲक्सिलरेटर दाबलास की शिट्टी, ब्रेक दाबलास की टक्. पाय कुठं पडला, गाडी लगेच चहाडी करते."

त्याने पत्रा घासून चकचकीत केला, दोन्ही वायरींना वेगवेगळे नवे बोल्ट दिले आणि हात केला.

सुमेधने ॲक्सिलरेटर दाबला. काही नाही. ब्रेक दाबला. काही नाही. त्याला एकदम भरून आलं. कितीतरी दिवसांनी आईसाठी काहीतरी धड केलं होतं.

सोमवारी त्याने मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आईला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली. प्रल्हादरावांनी नेहमीसारख्या चपला काढून सीटखाली सारल्या. गाडीत चप्पल घालून बसायचं नाही, लक्ष्मी आहे, हे गेल्या वर्षापासूनचं त्यांचं नवं खूळ. त्यांनी गाडी सुरू केली आणि स्टिरिओचं बटण फिरवलं.

शांतता.

त्यांनी बटण आणखी फिरवलं. मग शेवटपर्यंत.

"अगंबाई, गेला की तो आवाज," सरोजिनीबाई म्हणाल्या. मान मागे टेकवून त्यांनी डोळे मिटले.

"काल करून आणला. आता निवांत पड, आई," सुमेध खिडकीशी उभा राहून म्हणाला.

समोर बिल्डिंगच्या फाटकात शाळेच्या बसची वाट पाहत चार-पाच पोरं उभी होती. प्रल्हादरावांचा हात गिअरपर्यंत गेला आणि परत आला. त्यांनी एकदा आरशात बायकोकडे पाहिलं, काच खाली घेतली आणि तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"सुमेध, जरा वाकून बघ रे. माझा पाय नेमका कशावर आहे?"